बदली झाकण

हजयात्रेला निघणाऱ्या माणसाचे मन स्वच्छ असावे लागते, असे धर्म सांगतो. त्याच्या फोटोची पार्श्वभूमी स्वच्छ असावी लागते, असे कार्यालय सांगते. या दोहोंत विरोध काही नाही. फरक एवढाच, की मनाची तपासणी सगळ्यात शेवटी होते आणि फोटोची सगळ्यात आधी. म्हणून व्यवहारी माणूस फोटोपासून सुरुवात करतो.

हसरेसाहेबांनीही फोटोपासूनच सुरुवात केली, आणि बरेच दिवस ते फोटोच्या पुढे गेलेच नाहीत.

हसरे हे त्यांचे आडनाव नव्हे. ते त्यांना नोकरीने दिलेले नाव. नगर कार्यालयातल्या तक्रार खिडकीमागे त्यांचा सारा जन्म गेला. नोकरीच्या सुरुवातीलाच वरून एक परिपत्रक आले होते : 'सेवकवर्गाने नागरिकांशी हसतमुखाने वागावे.' बाकीच्यांनी परिपत्रकावर सह्या केल्या आणि ते फाइलला लावले. हसरेसाहेबांनी ते चेहऱ्याला लावले.

पुढे या विषयात त्यांचा हात धरणारा कुणी उरला नाही. हसण्याचे त्यांनी तीन प्रकार पाडले होते. पहिले 'साहेब बैठकीत आहेत' हे हसू. त्यात ओठ मिटलेले असतात. दुसरे 'ते वेगळं खातं' हे हसू. त्यात मान किंचित कलते आणि समोरच्याविषयी सहानुभूती व्यक्त होते. तिसरे आणि सर्वश्रेष्ठ, 'उद्या या'. यात दात दिसतात. नव्याने भरती झालेल्यांना हे तिन्ही प्रकार शिकवायला त्यांना इतर कार्यालयांतूनही बोलावणे येई. परिपत्रकानंतरच्या वर्षी शहरातल्या तक्रारी निम्म्यावर आल्या. कामे पूर्वीइतकीच झाली (म्हणजे झाली नाहीत), पण नागरिक समाधानाने परत जातात असा अहवाल वर गेला. त्यातले 'परत जातात' एवढे तरी निर्विवाद खरे होते.

निवृत्तीच्या दिवशी कार्यालयाने त्यांच्याकडून खिडकीची किल्ली, रबरी शिक्का आणि खुर्चीवरची उशी मोजून परत घेतली. हसू परत घ्यायचे राहून गेले, कारण ते जडवस्तूंच्या नोंदवहीत चढवलेले नव्हते.

घरच्यांना या हसण्याचा त्रास नव्हता असे नाही. सासूबाई वारल्या तेव्हा हसरेसाहेब मयताला दात दाखवत उभे राहिले, आणि तेव्हापासून मेव्हण्याने बोलणे टाकले. मुलगी शाळेत नापास झाली तेव्हा तिला वाटले, अब्बा खूश झाले; पुढच्या वर्षी तिने पुन्हा तसाच प्रयत्न केला. राहता राहिली बायको. घरातले हसण्याचे सगळे काम नवऱ्यानेच उचलल्यामुळे तिच्या वाट्याला ते कधी आलेच नाही. लग्नापासून ती पासपोर्टच्या नियमात बसणारा चेहरा घेऊन वावरत होती, त्यामुळे तिचा फोटो पहिल्या फटक्यात मंजूर झाला.

हजला जायची इच्छा मुळात तिची. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने ती बोलून दाखवली होती, आणि हसरेसाहेब हसून म्हणाले होते, "जाऊ की." तिने हे उत्तर तक्रारदाराच्या भोळेपणाने खरे मानले आणि वाट पाहत राहिली. आता दोघांचा नंबर एकाच अर्जावर लागला होता. नियम असा, की जोडअर्जातला एक अडला की दुसराही अडतो, आणि या वर्षी गेला तो नंबर पुन्हा कधी लागेल हे देवाखेरीज कुणाला ठाऊक नाही. (कार्यालयाला विचारले तर तेही देवाकडेच बोट दाखवते.) गुडघ्यांचा विचार करता बायकोला पुन्हा वाट पाहणे परवडण्यासारखे नव्हते.

तिची तयारी कधीच झाली होती. लस टोचून झाली होती, नवऱ्याने यात्रेत नेसायची एहरामची दोन पांढरी वस्त्रे धुऊन, घडी घालून उशाशी ठेवली होती, बॅगांना ओळखीसाठी हिरवी रिबन बांधली होती. यात्रा कंपनीच्या शिबिरात दोघे जाऊनही आले होते. तिथे काबा म्हणून प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत मांडली होती, आणि तिच्याभोवती सगळ्यांनी सात फेऱ्या मारल्या. मौलाना शेवटी म्हणाले, की निघण्याआधी ज्याचे ज्याचे मन दुखावले असेल त्याच्याकडे जाऊन माफी मागा. त्याशिवाय तयारी पुरी होत नाही. हसरेसाहेबांनी हेही टिपून घेतले, 'इतर किरकोळ' या मथळ्याखाली.

फोटोचे नियम मात्र किरकोळ नव्हते. चेहरा समोर असावा. दोन्ही कान दिसावेत. चष्मा नसावा. तोंड बंद असावे. आणि ठळक अक्षरांत : हसू नये.

फोटोवाल्याचे दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होते. दुकान म्हणजे एक खोली : वरखाली फिरणारे स्टूल, त्याच्यामागे ताणलेली पांढरी चादर, छत्री लावलेला दिवा, आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. खुंटीवर गिऱ्हाइकांसाठी एक काळा कोट. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शहरातल्या जवळजवळ सगळ्या पुरुषांनी तो फोटोपुरता घातला होता, आणि लग्नाची स्थळे पाहणाऱ्या आयांना सगळी मुले सारखीच वाटत याचे कारण हे असावे. दारासमोरच रस्त्यातल्या गटाराला झाकण नव्हते. भोकात एक वाळकी फांदी उभी केली होती आणि तिला लाल चिंधी बांधली होती. गिऱ्हाईक दिसले की फोटोवाला आतूनच म्हणे, "डावीकडून या. सांभाळून."

हसरेसाहेब डावीकडून आले, सांभाळून आले आणि स्टुलावर बसून हसले.

"हसू नका," फोटोवाला म्हणाला.

"नाही हसत," हसरेसाहेब हसत म्हणाले.

फोटोवाला कमी बोलणारा, पन्नाशीचा माणूस. त्याने भिंतीकडे बोट केले. तिथे नमुन्याचे फोटो लावले होते. त्यांच्या मधोमध एका म्हाताऱ्याचा फोटो होता, पांढरी दाढी, दोन्ही कान स्पष्ट, डोळे सरळ समोर. नियम करणाऱ्यांनी हाच फोटो समोर ठेवून नियम केले असावेत, इतका तो बिनचूक होता.

"असा चेहरा करा. त्यांच्याकडे बघा."

"कोण हे?"

"हजला निघाले होते," फोटोवाला म्हणाला आणि कॅमेऱ्यामागे गेला.

फोटो काढला, जोडला आणि परत आला. अर्ज घेणाऱ्या खिडकीवरचा कारकून तरुण होता. त्याने अर्जावर 'अर्जदार हसत आहे' असा शेरा मारला आणि अर्ज परत देताना मान किंचित कलवून हसला. ते हसू हसरेसाहेबांनी लगेच ओळखले. कारकून त्यांच्याच हाताखाली शिकून गेलेला होता. क्षणभर त्यांना विद्यार्थ्याचा अभिमान वाटला, आणि तेवढ्यात अर्ज खिडकीबाहेर आला.

एका परिपत्रकाने चढवलेले हसू दुसऱ्या परिपत्रकाने उतरवायचे, असा हा प्रश्न होता. शासनाच्या दोन आज्ञा एकाच चेहऱ्यावर समोरासमोर आल्या, की चेहऱ्याने काय करावे याविषयी तिसरे परिपत्रक नाही.

घरच्यांनी उपाय सुरू केले. मुलीने लिंबू चोखायला लावले. हसू आंबट झाले, पण राहिले. जावयाने घट्ट बूट आणून त्यांच्या पायांत घातले. मग त्याने स्वतःच्या कविता वाचून दाखवल्या. त्या दुःखाच्याच होत्या, पण हसू वाढले आणि जावई दोन दिवस जेवायला आला नाही. गल्लीत एक चाची होत्या, ज्यांच्या रडण्याशिवाय त्या भागात कुणाचा मृत्यू पक्का समजला जात नसे. त्यांनी समोर बसून गल्लीतले सगळे मयत क्रमाने सांगितले. हसरेसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी सवयीने म्हणाले, "समजलं. बघतो." चाची पदर झटकून निघून गेल्या.

डॉक्टरांनी तपासून सांगितले, की हसणे हा आजार नाही, म्हणून त्यावर औषध नाही. आणि औषध नाही म्हणून दाखलाही नाही. दातांच्या डॉक्टरांनी मात्र बधिर करायचे इंजेक्शन दिले. त्याने अर्धा चेहरा उत्तम गंभीर झाला. फोटोवाल्याने तसाच्या तसा फोटो काढला. तो परत आला. शेरा होता : 'एका अर्जासोबत एकाच व्यक्तीचा फोटो जोडावा.'

मग विद्यार्थी कारकुनालाच गुरुजींची दया आली. त्याने सुचवले, की अर्जात 'ओळखीची खूण' असा रकाना असतो. तीळ, जखम, व्रण असे काही. तिथे 'हसू' लिहावे आणि डॉक्टरांचा शिक्का घ्यावा. हसरेसाहेबांना हे पटले. वरिष्ठांना मात्र त्यात धोका दिसला. हसू ही खूण ठरली तर ती कायम राहिली पाहिजे. आणि काबा पहिल्यांदा नजरेस पडल्यावर भलेभले रडतात, असा अनुभव आहे. समजा, अर्जदार तिथे रडला, तर खूण पुसली गेली. म्हणजे गेलेला माणूस वेगळा आणि परत येणारा वेगळा. परत येणाऱ्याला मग कुठल्या कागदावर आत घ्यायचे? बायकोला तरी त्याच्यासोबत कसे पाठवायचे? अर्जदाराने तिथे रडणार नाही असे हमीपत्र द्यावे, म्हणजे विचार करता येईल.

हमीपत्राची गोष्ट ऐकून बायको पहिल्यांदाच बोलली. "मी इतकी वर्षं तिथे जाऊन रडायचं म्हणून थांबले. आणि हे शेजारी उभे राहून हसणार? राहू द्या ती खूण."

त्यानंतर हसरेसाहेबांनी फोटोवाल्याकडून त्या म्हाताऱ्याच्या फोटोची एक प्रत मागून आणली आणि घरी आरशाशेजारी लावली. सकाळ-संध्याकाळ ते म्हाताऱ्याकडे पाहत आणि मग स्वतःकडे. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत एक गोष्ट होती, जी त्यांना जमत नव्हती. तो कुणाला तरी काही तरी विचारून उत्तराची वाट पाहत आहे, असे वाटे. हसरेसाहेबांना समोरचा माणूस वाट पाहत असला, की हसण्याखेरीज दुसरे काही सुचत नसे. म्हणून तेही हसत.

दरम्यान 'इतर किरकोळ' उरकणेही चालू होते. ते घरोघर जाऊन उंबऱ्यातच म्हणत, "हजला जातोय. चुकलं-माकलं माफ करा." लोक म्हणत, "अहो, तुमचं काय चुकणार? दुवा करा आमच्यासाठी." हे दोन्ही बाजूंनी पाठ असल्यामुळे पटापट होई. एका दिवसात सबंध गल्ली उरकली. अडचण फक्त मेव्हण्याकडे आली. तो दार उघडून पाहतो तर समोर तेच मयतातले हसू. त्याने जुनी चूक माफ करायचे ठरवलेले होते, ते रद्द केले आणि आजची एक नवीन जमेस धरली.

शेवटी शेवटचा दिवस आला. दुपारी खिडकी बंद होणार, त्याच्या आत फोटो हवा. बायको दुकानाबाहेर, चिंधी बांधलेल्या फांदीच्या अलीकडे उभी राहिली. आत फोटोवाल्याने दिवा लावला, स्टूल फिरवून वर केले, हसरेसाहेबांची हनुवटी दोन बोटांनी खाली केली. हसरेसाहेबांच्या लक्षात आले, की सगळ्या गल्लीची माफी मागितली, पण या माणसाला इतका त्रास दिला, त्याची राहिली.

"तुम्हीही," ते म्हणाले, "काही चुकलं-माकलं असेल तर माफ करा."

"काय चुकलं?"

हा प्रश्न त्यांना अजून कुणीच विचारला नव्हता. ते थोडे गोंधळले. "म्हणजे आपलं, एकूणच."

"एकूणच नाही करता येत," फोटोवाला म्हणाला. कॅमेऱ्यामागून तो उठला नाही, की आवाजही त्याने चढवला नाही. "तो फोटो तुम्ही घरी नेला ना? ते माझे अब्बा. या दारासमोरच्या झाकणाची तक्रार घेऊन तुमच्या खिडकीवर यायचे. दर सोमवारी."

हसरेसाहेब हसत ऐकत होते.

"तुम्ही त्यांच्याशी हसून बोलायचात. घरी येऊन सांगायचे, फार भला माणूस आहे रे, नेहमी हसून बोलतो, उद्या काम होईल म्हणाला. मी म्हणायचो, अब्बा, ते उल्लू बनवतायत. तर मलाच रागवायचे. हजचे कागद आले, त्या संध्याकाळी तुम्हालाच दाखवायला निघाले होते. दारातच पाय गेला. खुब्याचं हाड. पलंगावर तीन वर्षं काढली त्यांनी. हजचं एकदाही बोलले नाहीत. फक्त विचारायचे, झाकण बसलं का रे?"

दिव्याचा प्रकाश पांढऱ्या चादरीवर होता. भिंतीवरून म्हातारा पाहत होता. हसरेसाहेबांना तो सोमवार आठवेना. कितीतरी सोमवार आणि कितीतरी म्हातारे. सगळे हसून परत गेलेले. ओठांच्या दोन्ही टोकांना काही तरी सुटल्यासारखे झाले.

खटकन आवाज आला. फोटोवाला धंद्याला पक्का होता.

"आला," तो म्हणाला. "चार प्रती पुरतील."

हसरेसाहेब स्टुलावरून उठले नाहीत. त्यांनी विचारले, "आणि माफी?"

फोटोवाल्याने मान वर केली. इतक्या दिवसांत त्याचे दात कुणी पाहिले नव्हते. ते आता दिसले.

"ते वेगळं खातं," तो म्हणाला. "उद्या या."

फोटो मंजूर झाला. विद्यार्थी कारकुनाने तो चिमटीत धरून पाहिला आणि उत्कृष्ट, असे म्हणाला. पासपोर्ट, व्हिसा, तिकिटे, गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी, सगळे एकामागोमाग घरी आले. हसू मात्र आले नाही. पहिले दोन दिवस घरात आनंद होता, तिसऱ्या दिवशी बायकोच म्हणाली, "थोडं हसा हो. ओळखीचं काहीच वाटत नाही घरात."

हसरेसाहेब रोज सकाळी फोटोवाल्याकडे जात. फोटोवाला हसून म्हणे, "उद्या या." ते परत येत. ही पद्धत बाहेरच्या बाजूने कशी दिसते, हे त्यांना प्रथमच कळत होते. निघायचा दिवस जवळ येत होता, आणि एक कागद असा उरला होता, जो कुठल्याच यादीत नव्हता आणि कुठल्याच खिडकीवर मिळत नव्हता.

एका सकाळी ते दुकानात न जाता नगर कार्यालयात गेले आणि स्वतःच्याच जुन्या खिडकीसमोर, बाहेरच्या बाजूला, रांगेत उभे राहिले. गटाराच्या झाकणाची तक्रार दिली. आतल्या मुलीने ती वाचली, दात दाखवून हसली आणि म्हणाली, "उद्या या, काका."

आणि हसरेसाहेब हसले. इतके दिवस गेलेले हसू आपोआप परत आले. "बरं बरं, येतो की," असेही ते म्हणाले. पायऱ्या उतरताना त्यांच्या ध्यानात आले, की हसू आतल्या माणसाचे नसते. ते खिडकीचे असते. आतून एक हसतो, बाहेरून दुसरा हसतो, आणि मधे झाकण नसलेले भोक तसेच राहते.

घरी जाऊन त्यांनी एक खुर्ची उचलली, गल्लीत नेली, फांदी काढून टाकली आणि भोकाला खेटून खुर्ची मांडून तीत बसले. फळी टाकावी, असे एकाने सुचवले. फोटोवाला दारातून कोरडेपणाने म्हणाला, की फळ्या याआधीही टाकल्या होत्या, त्या चोरीला गेल्या. म्हाताऱ्या माणसाला कुणी चोरत नाही, हे सगळ्यांना मान्य करावे लागले.

हसरेसाहेब सकाळपासून दिवे लागेपर्यंत बसत. अंधार पडल्यावर जावई कंदील घेऊन बसे. (त्याला कविता करायला निवांत जागा हवीच होती.) ते येणाऱ्याला म्हणत, "डावीकडून या. सांभाळून." जेवणाचा डबा बायको आणून देई. ती विचारी, "हे असं किती दिवस?" ते म्हणत, "झाकण बसेपर्यंत." ती म्हणे, "आणि विमान?" यावर ते पुढच्या येणाऱ्याला डावी बाजू दाखवत. ती रिकामा डबा घेऊन जाई. जाताना एकदा तिने खुर्चीवर उशी आणून ठेवली.

यथावकाश कार्यालयाचा निरीक्षक पाहणीला आला. त्याने भोक पाहिले, खुर्ची पाहिली, गल्लीतल्या चार लोकांना विचारले. कुणीही पडलेले नव्हते. त्याने अहवाल दिला : 'सदर ठिकाणी झाकण कार्यरत असून समाधानकारक आहे. तक्रार निकाली.' त्या कार्यालयाच्या इतिहासात इतक्या वेगाने निकाली निघालेली ही पहिलीच तक्रार. म्हाताऱ्याच्या सगळ्या सोमवारांचे फळ एकदम मिळाले.

पण निकाली निघण्याचे परिणाम असतात. निवृत्त सेवकाला परदेशी जाण्याआधी नगर कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो. हसरेसाहेबांनी तो मागितला तेव्हा कळवण्यात आले, की आपण आता कार्यालयाच्या दप्तरी झाकण म्हणून दाखल आहात. सार्वजनिक झाकण जागेवरून हलवणे हा गुन्हा आहे. देशाबाहेर नेण्याचा तर नियमच नाही. सहानुभूतीने विचार करून एवढे करता येईल, की अर्जदाराने बदली झाकण दिल्यास मूळ झाकणास यात्रेपुरती रजा मंजूर करावी. जावयाचे नाव सुचवून पाहिले. पण ते रात्रपाळीचे झाकण, एका झाकणाला दोन पाळ्या देता येत नाहीत, असे उत्तर आले.

निघायच्या सकाळी सगळी गल्ली निरोप द्यायला जमली. कोपऱ्यावर गाडी उभी होती. हिरव्या रिबनवाल्या बॅगा टपावर चढल्या, बायको आत बसली. हसरेसाहेब खुर्चीत होते. त्यांनी हात जोडून लोकांना विचारले, की परत येईपर्यंत इथे कोण बसेल?

गल्ली भली होती. कुणी नाही म्हणाले नाही. चाची म्हणाल्या, बसेन की, उद्यापासून. शिंपी म्हणाला, आज जरा कपडे द्यायचेत, उद्या नक्की. मेव्हणाही आला होता, इतक्या वर्षांनी तो प्रथमच हसला आणि म्हणाला, "उद्याचं माझ्याकडे लागलं." सगळे हसतमुखाने उभे राहिले. त्या गल्लीत इतके हसरे चेहरे एकाच वेळी पूर्वी कधी दिसले नव्हते. गाडीवाल्याने भोंगा वाजवला.

बायको गाडीतून उतरली. गुडघ्यांवर हात ठेवत चालत आली आणि खुर्चीपाशी थांबली. "उठा," ती म्हणाली. "मी बसते. तुम्ही जाऊन या. माझ्या वाटचं रडा तिथे."

"तू इतकी वर्षं..."

"थांबायची सवय आहे मला. तुम्हाला नाही."

हसरेसाहेबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. तेवढ्यात दुकानाचे दार ओढल्याचा आवाज झाला. फोटोवाल्याने कुलूप लावले, किल्ली खिशात टाकली आणि खुंटीवरचा काळा कोट अंगात चढवत तो डावीकडून, सांभाळून आला.

"तुम्ही गाडीत बसा," तो हसरेसाहेबांच्या बायकोला म्हणाला. मग हसरेसाहेबांना : "उठा आता."

हसरेसाहेब उठले. फोटोवाला बसला. बदली झाकणाच्या कागदावर त्याने गुडघ्यावर ठेवूनच सही केली.

"माफ केलंत?" हसरेसाहेबांनी विचारले.

फोटोवाला हसला नाही. "परत आल्यावर या," तो म्हणाला.

हे 'उद्या या' नव्हते. नियमात ते कुठे बसते, हे हसरेसाहेबांना ठरवता आले नाही. पण विमानतळावर चार ठिकाणी फोटोशी चेहरा ताडून पाहिला, आणि चारही ठिकाणी तो जुळला.

वाचक म्हणतील, फोटोवाला भला माणूस निघाला. निघालाच. त्याचे दुकान तेव्हापासून बंद आहे, लोकांचे फोटो अडले आहेत, आणि तो काळ्या कोटात खुर्चीवर बसून आहे. गल्लीतल्या मंडळींचे 'उद्या' अजून उजाडलेले नाही. जो अधूनमधून त्या वाटेने जातो, अशा कुणी एक दिवस जरी पाळी घेतली, तर त्याला जेवायला घरी जाता येईल. नियम फार कडक नाहीत. दोन्ही कान दिसले पाहिजेत असे नाही. चष्मा चालतो.

फक्त आत्ता हे वाचताना आपण जसे हसलात आणि मनातल्या मनात 'उद्या बघू' म्हणालात, तसे चालत नाही.